एकाच पानावर

आमच्या तन्वीला मुलगी झाली ते साल दोन हजार वीस. त्या पाडव्याला ओंगारमध्ये, परदेशातल्या या वस्तीत, गुढीला काठी मिळेना, तेव्हा माझ्या मुलाने, अभिजितने, नव्या मॉपची दांडी काढून दिली आणि तिच्यावर माझं हिरवं लुगडं चढलं. दोन दिवसांनी साथीमुळे इथल्या साऱ्या देशाला कुलूप लागलं. आणखी चार दिवसांनी तन्वीला कळा सुरू झाल्या. नवऱ्याला आत सोडत नव्हते, म्हणून अभिजित दवाखान्याच्या आवारात गाडीत बसल्या बसल्या बाप झाला. चैत्रातली म्हणून पोरीचं नाव चैत्राली. मी नागपूरहून तीन महिन्यांच्या बाळंतपणासाठी डिंक, अळीव आणि बाळंतशोपा घेऊन आले होते. विमानं बंद झाली, व्हिसाची मुदत इथलं सरकार आपणहून वाढवत गेलं, आणि मी राहिले. बारशाला घरात आम्ही चौघं. बाहेरून आलेलं एकच माणूस, नंदा, आणि तीही घरात नाही, खिडकीबाहेर गवतावर. केअर होमचा निळा गणवेश, तोंडावर मास्क. काचेपलीकडून ती पाळणा म्हणत होती, आणि काच दुहेरी असल्यामुळे आवाज आत येत नव्हता. मास्क हलताना दिसायचा, त्यावरून कडवं संपलं की नाही ते आम्ही ओळखत होतो.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या वर्षीचं. चैत्राली वर्षाची झाली त्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, दाराच्या फटीतून एक चकचकीत कागद आत पडला. असे कागद रोज पडतात, पिझ्झाचे, घर विकणाऱ्यांचे. मी तो उचलला तो पायपुसणं झटकायला म्हणून, आणि पाहिलं तर त्यावर नंदा. तोच निळा गणवेश, मास्क हनुवटीखाली ओढलेला, हातात कसलीशी फुलांची कुंडी, आणि तिच्या बाजूला मॅलकी डर्नन, आमच्या भागाचे टीडी. टीडी म्हणजे इथला आमदार, आणि त्यांच्या सभागृहाला डॉइल म्हणतात. त्यांनी एक हात छातीवर ठेवला होता. खाली मोठी अक्षरं होती. तन्वीने चहा गाळता गाळता वाचून दाखवलं, "आपल्या केअर वर्कर्सच्या पाठीशी, नेहमीच." मला बरंच वाटलं आधी. आपल्या ओळखीचं माणूस छापून आलं की वाटतंच. नंदासारख्यांना आपली लेकरं इथे आणता यावीत असा एक ठराव त्या सभागृहात आला होता. मी तन्वीला सहज विचारलं, "तो ठराव कुठवर आला वं त्यायचा? नंदाच्या पोरीचा?" तन्वी म्हणाली, तो तर फेब्रुवारीतच झाला असेल ना, आई. थांबा, बघते. तिने लॅपटॉप उघडला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पडलाय ठराव." ती अशा आवाजात म्हणाली, जणू भांडं पडलंय. महिनाभर मी रोज नंदाला विचारत होते, आणि ती रोज म्हणत होती, चालू हाय मावशी, वेळ लागते अशा कामाले.

नंदा पुलगावची. वर्ध्याकडची बोली, म्हणून पहिल्या भेटीतच आम्ही एकमेकींना धरलं. देशी दुकानात मी ज्वारीचं पीठ शोधत होते आणि मागून कोणीतरी म्हणालं, "ते नाही भेटत इथं, मावशी. मी कवाची शोधून राहिली." आमच्या घरापासून चौथ्या घरात तिची भाड्याची खोली होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. मुलगी क्षितिजा आठ वर्षांची, पुलगावला आजीजवळ. नंदा इथे एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं अशी कामं करायची. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात हेच केलं, म्हणून तिच्या हाताकडे पाहिल्याबरोबर मला तिचा दिवस कळायचा. तिचं परमिट असं होतं की काम करता येतं, पण लेकरू आणायचं म्हणजे आधी इतकी वर्षं, मग तितके कागद, मग ते म्हणतील तेव्हा. डॉक्टरांना आणि अभिजितसारख्या चिपच्या कारखान्यातल्या इंजिनियरांना बायकापोरं लगेच आणता येतात. ढुंगण पुसणाऱ्यांना नाही. हा नियम मला कळला तेव्हा मी अभिजितला म्हटलं, तुझ्या कारखान्यात यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून तुम्ही पांढऱ्या पिशवीसारख्या पोशाखात शिरता. इकडे माणसं सडू नयेत म्हणून ही पोर हात घालते. मग लेकरू जवळ कोणाचं पाहिजे? तो म्हणाला, आई, नियम मी केलेला नाही. हे खरंच होतं, पण मला ते उत्तर वाटलं नाही.

तर नंदाने टीडींना लिहिलं. तन्वीने इंग्रजी नीट करून दिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जाड कागद, वर इथली सरकारी खूण म्हणून वीणेचं चित्र, सभागृहाचं नाव, खाली सही. तन्वीने ते दोनदा वाचून दाखवलं. तुमची व्यथा मला मनापासून समजते. हा विषय मी मंत्र्यांच्या कानावर घातला आहे. परमिटवरच्या केअर वर्कर्सना मुलं आणता यावीत या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अभिजित म्हणाला, अशी पत्रं इथे सगळ्यांना जातात, सहीसुद्धा छापलेली असते. मी सही बोटाने चाचपून पाहिली. शाई कागदात उतरली होती. आमच्याकडे आमदाराच्या पत्राचं काय वजन असतं हे मी पाहिलेलं आहे. ओसरीत सतरंजीवर पडलेला रोगी, नातेवाईक पत्र घेऊन धावत आला की अर्ध्या तासात त्याला वॉर्डात खाट मिळायची. आमदार वाईट असेल, खाणारा असेल, पण एकदा सही करून कागद दिला की तो कागद चालायचा. नंदाही तेच पाहत वाढलेली. तिने पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्या प्रेसमध्ये वरच्या फळीवर, पासपोर्टच्या खाली ठेवलं. आम्हा दोघींना वाटलं, झालं काम.

मी लिहिलेल्याला इतकं का मानते, याला कारण आहे. शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी पाटी लटकवलेली असायची, तिच्यावर सिस्टर खडूने सूचना लिहायच्या, आणि मी इतर बायांना विचारून, नाहीतर पाटीवरच्या रेघांचा अंदाज घेऊन काम चालवायचे. एके सकाळी मी अकरा नंबरला चहा-बिस्कीट दिलं. पाटीवर लिहिलं होतं, उपाशी ठेवणे. आतड्याचं ऑपरेशन होतं त्याचं. टेबलावर घेण्याच्या आधी त्यानेच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर भूल दिल्यावर तो चहा छातीत गेला असता. ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं. सिस्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त मला पाटीसमोर उभं केलं आणि ती दोन शब्दांची ओळ बोट ठेवून वाचायला लावली, जणू मला येत होतं. त्या संध्याकाळपासून मी साक्षरता वर्गात बसायला लागले, दहा वर्षांच्या अभिजितच्या पाटीवर घरी गिरवायला लागले. पुढे इंग्रजी अक्षरंही शिकले, औषधांच्या बाटल्यांवरची. वाक्य जमत नाही, पण नाव जुळवता येतं. आणि जे शिकले ते हे, की लिहिलंय म्हणजे ते झालंच पाहिजे. लिहून कोणी केलं नाही तर कोणाचातरी जीव जातो. माझ्या डोक्यात लिहिणं म्हणजे एवढंच आहे. त्याचा दुसरा काही उपयोग असतो हे मला सत्तराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

म्हणूनच सप्टेंबरात जेव्हा नंदाला, अडकलेल्यांना भारतात नेणाऱ्या खास विमानात जागा मिळत होती, तेव्हा मी जे बोलले ते बोलले. घरी जायचं म्हणजे नोकरी सुटणार, नोकरीबरोबर परमिट जाणार, पुन्हा यायचं तर पहिल्या पायरीपासून. थांबायचं म्हणजे पोरीशिवाय आणखी किती, कोणाला माहीत. तिच्या आईचा दमा वाढला होता. मागच्या अंगणात आम्ही दोन मीटरवर खुर्च्या टाकून बसलो होतो, वारा असा होता की तिचे शब्द उडून कुंपणावर जात होते. ती म्हणाली, "मावशी, थांबू का जाऊ? तुमी सांगान तसं." मी एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, "त्यानं लिहून देल्लं न? मंग थांब. तोंडचं हवेत जाते. लिहिलेलं कुठी जाते?" तिने विमानाची जागा सोडली. ऑक्टोबरात टीडी केअर होमच्या दारात आले, कुंडी दिली, फोटो काढला. नंदा म्हणाली, मला त्यांनी नावानं ओळखलं, मावशी. आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर तेव्हा क्षितिजा ओंगारच्या शाळेच्या गणवेशात दिसत होती.

तन्वीने मला लॅपटॉपसमोर बसवलं. तिला वाटलं असावं की मी वाचायला लागले की शांत होईन. डॉइलमध्ये जो जे बोलतो ते शब्द न शब्द उतरवून ठेवतात आणि कोणालाही पाहता येतं, ती म्हणाली. त्या ठरावावर मॅलकी डर्नन सात मिनिटं बोलले होते. तन्वी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेली. माझ्या भागात एक आई आहे. ती आमच्या आयांना न्हाऊ घालते, आमच्या वडिलांना घास भरवते. तिची स्वतःची मुलगी हजारो मैलांवर फोनच्या काचेत मोठी होते आहे. तिच्या डोळ्यांत पाहून मी काय सांगू? काय सांगेल हे सभागृह? भाषण चांगलं होतं, ते मी आजही म्हणेन. नंदाने दोन पानांत जे लिहिलं होतं ते सगळं त्यात होतं, तिच्या अंगणातल्या पेरूच्या झाडासकट. मग तन्वीने पान खाली सरकवलं. फार नाही, चार बोटं. तिथे मतांची यादी होती, दोन रकाने. एकाच्या वर टॉ, म्हणजे ठरावाच्या बाजूने. दुसऱ्याच्या वर नील, म्हणजे विरुद्ध. त्यांच्या जुन्या भाषेतले शब्द आहेत ते. मी तो चकचकीत कागद पडद्याला लावून धरला आणि त्यावरच्या नावाशी एकेक अक्षर जुळवत गेले, डी, यू, आर, बाटलीवरचं नाव जुळवायचे तसं. नावं अक्षरांच्या क्रमाने होती, शोधायला वेळ लागायला नको होता. पण पहिला रकाना मी दोनदा पाहिला. माझीच नजर चुकली असेल असं वाटलं, चष्मा पुसला, बोट लावून तिसऱ्यांदा पाहिला. नाव दुसऱ्या रकान्यात होतं.

तन्वी म्हणाली, "आई, व्हिप असतो. पक्ष सांगेल तसं मत द्यावं लागतं. आपल्याकडेही असंच असतं."

"मंग भाषण कायले केलं?"

"भाषणाला व्हिप नसतो."

ती हे चेष्टेने म्हणाली नाही. पुण्याची शिकलेली पोर आहे, तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. पण मी ते वाक्य दिवसभर चघळत राहिले. चैत्रालीला भरवताना, तिचे लंगोट वाळत घालताना, वाटाणे सोलताना. मला चीड आली होती ती खोटेपणाची नव्हे. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. खोटं बोलणारा निदान लपवतो. लपवतो म्हणजे त्याला कुठेतरी कळतं की हे उजेडात येऊ नये. इथे तर काही लपवलेलंच नव्हतं. भाषण आणि मत एकाच पानावर, एकाखाली एक, तारीख टाकून, साऱ्या जगाला उघडं. आणि वाचणारे वाचत होते, आणि कोणाच्या पोटात कळ येत नव्हती. पाटीवर लिहिलंय उपाशी ठेवणे आणि तिच्याच खाली कोणी लिहावं, चहा दिला, आणि डॉक्टरांनी दोन्ही ओळी वाचून मान डोलवावी, आणि रोग्याच्या नातेवाइकांनीही म्हणावं, अक्षर काय सुंदर आहे. संध्याकाळी अभिजित कामावरून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याने बूट काढता काढता ऐकलं. म्हणाला, आई, आपल्याला डॉइलसाठी मत नाही. नगरपालिकेपुरतं आहे. आपण बोलून काय होणार? मग म्हणाला, माझा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. उगाच कोणाशी वाद नको. मी म्हटलं, आमदाराला प्रश्न विचारला तर देश काढून घेतात का? दहा वर्षांचा असताना त्याने मला ग आणि भ मधला फरक शिकवला होता, माझं बोट धरून. आता मला वाटलं, याला माझ्या बोटाची भीती वाटते आहे.

त्यानंतरच्या गुरुवारी वस्तीच्या हिरवळीवर रोपं लावायची होती. मी बाळाची गाडी घेऊन निघाले, तन्वी बरोबर होती, आणि पाहते तर मॅलकी डर्नन रेनकोट घालून फावड्यावर पाय ठेवून उभे. सोबत दोघंजण, एकाच्या हातात कॅमेरा. फोटोतल्यापेक्षा म्हातारे वाटले, आणि चेहरा प्रेमळ होता, हे मला त्रासदायक वाटलं. माणूस तोंडावरून हरामखोर दिसला असता तर माझं काम सोपं होतं. त्यांनी चैत्रालीकडे पाहून काहीतरी लाडाचं म्हटलं, मग तन्वीला विचारलं, कुठलं घर, मतदार यादीत नाव आहे ना? तन्वी म्हणाली, अजून नाही. हसू तसंच राहिलं, पण डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे गेले, तिथे एक कुटुंब येत होतं. मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "सात मिनिटं बोलले तुमी नंदासाठी. आन मत तिच्या विरुद्ध देल्लं. हे कसं काय?" मग मी आणखीही बोलले, तिच्या आईच्या दम्याचं, सप्टेंबरच्या विमानाचं. तन्वीने इंग्रजीत सांगितलं. माझं वाक्य लांब होतं आणि तिचं आखूड, त्यावरून मला कळलं की ती काटछाट करते आहे. मी तिच्याकडे पाहिलं. ती लाल झाली, आणि मग तिने पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी बराच वेळ बोलली.

ते रागावले नाहीत. उलट खूश झाले. तुम्ही भाषण वाचलंत? म्हणाले. कोणी वाचत नाही हो. त्या दिवशी सभागृह अगदी शांत झालं होतं, नंतर विरोधी बाकांवरूनही लोक येऊन हात हलवून गेले. मताचं काय, तन्वीने पुन्हा विचारलं. तर म्हणाले, ठराव विरोधकांचा होता, तो पडणारच होता. सरकारच्या बाजूचा माणूस त्यांच्याबरोबर मत देत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. एका मताने काय झालं असतं? भाषणाने मात्र विषय पुढे आला. आणि नंदा, ती तर ग्रँड मुलगी आहे. तिला म्हणा दोन ओळी लिहून पाठव, मी मंत्र्यांना पुन्हा पत्र टाकतो.

सगळ्यांना माहीत असतं. तन्वीने ते वाक्य मराठीत केलं. सगळ्यांना म्हणजे कोणाला? मला नव्हतं. नंदाला नव्हतं. ज्यांच्या जिवावर हे बेतणार त्यांना सोडून सगळ्यांना माहीत असतं, आणि त्याला हे लोक उघडा कारभार म्हणतात. मी पिशवीतून तो कागद काढला आणि पेन काढलं. मला म्हणायचं होतं, या फोटोच्या खाली लिहा, तुमच्या हाताने, मत कुठे दिलं ते. पाठीशी नेहमीच असं छापलंय, त्याच्या शेजारी लिहा. पण शब्द जुळवायच्या आत मी नुसतंच नंदाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं. त्यांना वाटलं म्हातारीला सही हवी आहे. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि मोठ्या हौसेने सही केली, शुभेच्छांसह, आडवी, नंदाच्या गणवेशावरून. कॅमेऱ्यावाल्याने फोटो काढला. तन्वी हळूच म्हणाली, "त्यांना सही नको होती. तुम्ही मत कुठे दिलं ते लिहून हवं होतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन माझ्या हातात दिलं, आणि तन्वीला म्हणाले, "तुमच्या सासूबाई भारी आहेत. त्यांनीच उभं राहायला हवं निवडणुकीला." आणि तिघेही मनापासून हसले. ज्या कुटुंबाकडे त्यांचे डोळे होते ते आलं. डर्नन तिकडे वळले.

नंदा संध्याकाळी कामावरून आली तेव्हा मी फाटकाशी तिची वाट पाहत उभी होते. तो कागद तिच्या हातात दिला. तिने आपला फोटो पाहिला, सही पाहिली, आणि घडी करायला लागली. मी म्हटलं, तो ठराव पडला नंदा, यानंच विरुद्ध मत देल्लं. तिने घडी पुरी केली. म्हणाली, "मले माहीत हाये, मावशी. त्याच दिवशी समजलं. आमच्या तिथल्या फिलिपिनो पोरीनं फोनवर दाखवलं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी थांब म्हटलं होतं न," ती म्हणाली. "तुमाले कसं सांगू? दोन दिवस जेवल्या नसत्या तुमी." मग जरा हसून म्हणाली, "आन मी का लहान हाव का? ऐकलं ते मीच न."

महिनाभर ही पोर बारा तासांची पाळी करून येत होती, चार घरांवर राहत होती, आणि येताजाता मला खोटं सांगत होती, माझा लिहिलेल्यावरचा भरवसा मोडू नये म्हणून. माझी सेवा करत होती ती, तिथल्या म्हाताऱ्यांसारखीच. डर्ननवरची चीड माझ्याकडे वळली आणि वळून पुन्हा त्याच्याकडे गेली, कारण माझ्याकडे ती पुरेना. मी अडाणी होते तेव्हा एका माणसाला चहा दिला आणि त्याची भरपाई म्हणून अक्षर शिकले. आता अक्षर येत असताना मी नंदाला घरी जाऊ दिलं नाही. याची भरपाई म्हणून काय शिकायचं राहिलं आहे? मी तिला विचारलं, आता काय करतं? ती म्हणाली, आणखी चौदा महिने भरले की साध्या नियमाने अर्ज करता येतो. आई तोवर सांभाळते. आई घट्ट हाय माझी.

त्या वर्षी पाडवा उशिरा, तेरा एप्रिलला आला. त्या सकाळी नंदाने पुलगावला फोन लावला तेव्हा फोन क्षितिजाने उचलला. आजी झोपून आहे, पुरण घातलं नाही, अंग गरम आहे. तिसऱ्या दिवशी शेजारचे प्रल्हादभाऊ नंदाच्या आईला, वच्छलाबाईंना, ऑटोत घालून वर्ध्याला घेऊन गेले. दोन दवाखान्यांच्या फाटकातून परत फिरले. तिसऱ्याने ओसरीत एक खुर्ची दिली आणि तीन पेशंटमध्ये एक ऑक्सिजन. क्षितिजा प्रल्हादभाऊंच्या घरी, त्यांच्या सुनेजवळ. नंदाने रजा मागितली, त्यांनी दिली. पुढच्या गुरुवारचं, बावीस तारखेचं तिकीट मिळालं, दोन ठिकाणी विमान बदलून. अभिजितने तिला विमानतळावर सोडायची तयारी केली, गाडीत पेट्रोल भरून ठेवलं. मी नागपूरच्या जुन्या सिस्टरांना, वॉर्डबॉयला, ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. नंदा आमच्या स्वयंपाकघरात बसून होती, मास्क लावून, खिडकी उघडी टाकून, आणि फोनवर आईच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रल्हादभाऊंना सांगत होती, तिला डाव्या कुशीवर कलतं बसवा, पाठीमागे उशी द्या, पाणी चमच्याने पाजा, एकदम नको. तेच शब्द, जे ती रोज इथल्या म्हाताऱ्यांसाठी वापरायची. त्या आठवड्यात मॅलकी डर्नन भारतातल्या लाटेविषयी डॉइलमध्ये चार मिनिटं बोलले, असं तन्वीने सांगितलं. काय बोलले ते मी विचारलं नाही.

नंदाची आई वच्छलाबाई वरघने, राहणार पुलगाव, वय त्रेसष्ट, सोमवारी एकोणीस एप्रिल दोन हजार एकवीस रोजी दुपारी अडीचच्या सुमारास त्या ओसरीत खुर्चीवर वारल्या.